मेथीच्या टोपल्यातली बया

३ नोव्हेंबर

ही डायरी इचोड्याच्या बियाणंवाल्यानं दिली. मागच्या वर्षाची उरलेली, म्हणून फुकट. वार चुकतात, तारखा मी पेनानं खोडून लिहिते. वरतं तेलुगूत काय छापलं ते मले वाचता येत नाई. मी चौथी शिकली, मराठी शाळेत, आणि त्यातलं दीड वर्ष गुरुजीच्या गाईले पाणी दाखवण्यात गेलं.

लिहायचं कारण प्रगती. प्रगती म्हणजे मोतीरामची पोरगी. मोतीराम माझ्या सासऱ्याच्या वावरात कामाले होता. आता त्याची पोरगी आमच्या हिवरधऱ्याच्या अंगणवाडीत टीचर आहे, चष्मा लावते, नाक नकटं आहे म्हणून तो घसरते. आज मी मेथीच्या जुड्या बांधून राह्यली होती तर दारात येऊन उभी.

"गयाकाकू, तुमचा काटा पाह्यजे होता."

"काऊन? अंगणवाडीत भाजी विकतं का आता?"

"लेकरं तोलायची आहेत. आमचा काटा बिघडला. नवा आदिलाबादवरून येणार आहे."

"कवा?"

"येणार आहे," म्हणे.

म्हणजे पोट्ट्यांच्या लग्नाले येईल. मी म्हटलं, काटा देतो, पण मी सोबत येतो. मागं एकदा उसना दिला तर कोणीतरी त्यावर कोंबडा तोलला, आणि आठ दिवस माझ्या टमाट्यात पिसं.

प्रगती म्हणे, "बरंच झालं. तुमी आकडा बोला, मी लिहितो. आणि तुमी बी घरी लिहून ठेवा. माह्या मोबाईलातून कवाकवा सगळं उडून जाते."

म्हणून ही डायरी. नवऱ्यानं विचारलं, काय लिहून राह्यली? मी म्हटलं, तुमचे गुन्हे. नवऱ्याचं नाव चंपतराव. तोंडानं घेत नाई, पण कागदावर घ्यायले काय जाते? चंपतराव, चंपतराव, चंपतराव.

५ नोव्हेंबर

काट्यावर मेथीचं टोपलं ठेवलं, आकडा शून्यावर आणला आणि टोपल्यात एकेक लेकरू. एकोणीस लेकरं. आजपर्यंत माझ्या टोपल्यातलं वांगं कधी रडलं नव्हतं. एकानं मुतून टाकलं, त्याचं तेवढं वजन कमी झालं.

वजन भरलं की प्रगतीच्या मोबाईलात लेकराले रंग लागते. बरं असलं तर हिरवा, कमी असलं तर पिवळा, फारच कमी असलं तर लाल. काट्याचं तोंड माझ्याकडे असते. मी बोलते, ती लिहिते.

नागनाथचं पोरगं बसलं. सात किलो आठशे. दीड वर्षाचं पोरगं, आणि माझ्या कोहळ्याएवढं नाई. मी आकडा बोलायच्या आतच नागनाथची माय सुरू.

"किती भरलं? कमीच भरलं असेल. आमच्या सुनेले लेकरू सांभाळायचं भानच कुठं? मोबाईल भरते तिचा, लेकरू नाई भरत."

सून भिंतीले टेकून उभी, डोळे पाण्यानं भरलेले. मले सासवांचा असा राग येते. मी म्हटलं, "आठ दोनशे!" ठणकावून. म्हातारीचं तोंड बंद. सुनेनं माझ्याकडे असं पाह्यलं की जसं मी तिले लुगडं नेसवलं.

मंग काय, हात मोकळा झाला. बाजारात मी गिऱ्हाईकाले झुकतंच माप देते, सगळ्या इचोड्याले माहीत आहे. एका लेकराले दोनशे, एकाले तीनशे, कोणाले काई कमी वाटू नये. लेकरं उगाच काऊन लाल-पिवळी करायची? सगळी हिरवी. प्रगती चष्मा वर करून दोनदा माझ्याकडे पाहून राह्यली. लिहून घेतलं.

शेवटी आमची. माझ्या पोराची, भूषणची पोरगी, सात महिन्यांची. नाव तारा. माझ्या सासूचं नाव ताराबाई होतं, चंपतरावानं हौसेनं तेच ठेवलं. आता सासूचं नाव तोंडानं घेता येत नाई, तिले रागावता येत नाई, म्हणून आमी तिले बया म्हणतो. मेल्यावरही सासूनं माझ्या घरात जागा धरली.

बया पाच किलो सहाशे. मी सहा बोलली. माझ्या घरची म्हणून थोडं जास्त. इथं खरं लिहून ठेवते, पाच सहाशे.

१८ नोव्हेंबर

बेज्जूरहून सुवर्णाचा फोन. माझी मोठी पोरगी. तिकडं जंगलात दिली, नदीच्या अंगाले. रस्ता म्हणजे गाडीतून उतरल्यावर कंबर शोधा लागते. म्हणे, "आई, अमर लालमध्ये निघाला."

दोन वर्षांचा नातू. मले असा संताप आला.

"लालमध्ये? काय चारता तुमी त्याले, पालापाचोळा?"

"आई, नर्सबाई आली होती, झाडाले झोळी टांगून तोलला. तिनं नाव दिलं. लेकरं तपासणारी गाडी येणार आहे आता."

मी म्हटलं, कोणाले सांगू नको. आमचं गाव रोडवर. समोरून हैदराबाद-नागपूरच्या गाड्या जातात, इचोड्यात चार दवाखाने, पाच मेडिकल. आमच्याकडं एक लेकरू लाल नाई आणि माझा सख्खा नातू लाल. तिकडच्या हवेनंच होत असेल. चंपतरावाले सांगतलं नाई. तो गावभर सांगते.

४ डिसेंबर

दुसरं वजन. नवा काटा काई आला नाई.

बया पाच सहाशे पन्नास. महिन्यात पन्नास ग्रॅम! एका लिंबाएवढी वाढली. आता करू काय? मागच्या खेपेले सहा बोलली होती. आता पाच सहाशे पन्नास बोलली तर लेकरू वाळलं असं होते, नाईतर गयाबाईचा काटा खोटा असं होते. दोन्ही वाईट. मी सहा तीनशे बोलली.

बाकीच्यांचंही असंच. एकदा झुकतं दिलं की पुढच्या खेपेले त्यापेक्षा जास्त द्या लागते. हे टमाट्यात नाई होत. टमाटे गिऱ्हाईक खाऊन टाकते, दुसऱ्या महिन्यात तोच टमाटा घेऊन येत नाई.

प्रगतीनं बयाच्या दंडाले एक लाल-पिवळ्या-हिरव्या रंगाची कागदाची पट्टी गुंडाळली. मी म्हटलं, बांगड्या भरून राह्यली का? तर म्हणे, असंच. पट्टी पर्समध्ये ठेवून दिली.

१५ डिसेंबर

थंडी अशी पडली की हांड्यातलं पाणी हाताले चावते. आणि बयाले घाम. दूध पिताना कपाळ भिजून जाते, चार घोट घेते, धापा टाकते, सोडून देते. सपना म्हणजे माझी सून म्हणे, "आई, हिले घाम काऊन येते?" मी म्हटलं, तुझ्या दुधात दम नाई, लेकराले मेहनत पडते. शेजारच्या दोघीजणी होत्या, त्याही हसल्या. सपना नाई हसली.

इचोड्याच्या आरएमपीकडं नेली. तो डॉक्टर नाई, पण सुई डॉक्टरसारखी मारते. म्हणे, "कुछ नहीं अम्मा, सर्दी है." मी म्हटलं, घाम? म्हणे, "सर्दी का पसीना." असला घाम मी पन्नास वर्षांत ऐकला नाई. लाल टॉनिक दिलं. बयाले आवडलं नाई, चंपतरावाले आवडलं.

५ जानेवारी

आज सन्मान! सुपरवायझर मॅडम आल्या होत्या, मंचेरियलकडच्या, तेलुगूत बोलतात आणि मधात मधात इंग्रजी टाकतात म्हणजे आपल्याले वाटावं की समजलं. हिवरधऱ्यात एकही लाल लेकरू नाई, एकही पिवळं नाई. पूर्ण भागात आमीच. प्रगतीले कागद दिला, माझ्या काट्याले हार घातला आणि काट्यासोबत माझा फोटो. काटा मधात, मी बाजूले, जसं काई काट्याचंच लग्न.

प्रगतीनं कागद घेतला तवा तिचा चेहरा असा होता की जसं कोणी शिळी भाजी दिली. चांगलं झालेलंही सोसत नाई काई लोकांना.

आजचं वजन: बया पाच सातशे. बोलली सहा सहाशे. खरं आणि बोललेलं यात आता नऊशे ग्रॅम. एक अख्खी फुलकोबी.

१४ जानेवारी

संक्रांतीले सुवर्णा आली, अमरले घेऊन. मी ओळखलंच नाई पोरगं. गालाले गाल. जिल्ह्याच्या दवाखान्यात चौदा दिवस ठेवलं होतं म्हणे, मायलेकराले सोबत, दिवसातून आठ खेपा खाऊ घालत होते. आल्याबरोबर त्यानं माझी अर्धी तिळाची पोळी खाल्ली आणि उरलेली अर्धी मागितली.

सुवर्णानं बयाले मांडीवर घेतलं. सपना दूध पाजाले बसली तर सुवर्णा पाहतच राह्यली.

"आई, हिले असा घाम कवापासून?"

"सर्दीचा आहे."

"आमच्या तिकडं गाडी आली होती तवा एका पोरीले असाच घाम येत होता. गाडीतल्या डॉक्टरनं छातीले नळी लावली आणि तिले तिथूनच हैदराबादले पाठवली. आई, तुमची गाडी कवा येते?"

"येते ना."

"कवा?"

"येणार आहे," मी म्हटलं, आणि माझंच तोंड मले प्रगतीसारखं वाटलं.

१५ जानेवारी

प्रगतीकडे गेली. म्हटलं, बेज्जूरच्या जंगलात गाडी जाते आणि रोडवरच्या गावात काऊन येत नाई? आमी काय माणसं नाई?

तिनं चष्मा काढून पदराले पुसला. "काकू, आपल्या जिल्ह्यात बी गाडी आहे. पण गाडी एक, गावं दोनशे. जिथं लाल जास्त तिथं पह्यले जाते. आपल्या गावात लाल नाई ना. आपलं नाव यादीत शेवटी गेलं. पावसाळ्यानंतर."

"पावसाळ्यानंतर?"

"तुमच्याच काट्यानं काकू, सगळी हिरवी."

मी घरी आली. चंपतरावानं विचारलं काय झालं, मी त्याच्यावर खेकसली.

१७ जानेवारी

बयाले ताप आणि धाप. सरकारी दवाखान्यात नेली. इतकी गर्दी की रांग बाहेर चिंचेखाली. एकच डॉक्टर, तरणा, त्याचेच डोळे झोपेनं सुजलेले. सपनानं अंगणवाडीचं वजनाचं कार्ड पुढं केलं. त्यानं कार्ड पाह्यलं, बयाकडे नंतर पाह्यलं.

"वजन तो बढ रहा है अम्मा. छह, छह तीन सौ, छह छह सौ. ऐसा बच्चा बीमार नहीं होता. मौसम का बुखार है."

तिथं मी बोलाले पाह्यजे होतं. माझ्या तोंडात होतं. ते आकडे मी बोलली, साहेब, काटा नाई बोलला. एवढंच बोलायचं होतं. पण मागं रांगेत नागनाथची माय उभी होती, आणि इचोड्याच्या तीन गिऱ्हाइकी बाया. मी म्हटलं, "अच्छा." बाटली घेतली आणि आली.

रस्त्यात ऑटोत सपना म्हणे, "डॉक्टर म्हणते वजन वाढून राह्यलं म्हणजे बरीच असेल, नाई का आई?" मी म्हटलं, हो.

मी आजपर्यंत खूप खोटं बोलली. चंपतरावाले रोज बोलते. पण हे 'हो' अजून घशात आहे.

१८ जानेवारी

बया दूध घेत नाई. ओठ जांभळासारखे दिसतात, मंग परत बरे होतात. मी देवापुढं दिवा लावला आणि देवाले म्हटलं, तू बी कार्ड पाहून राह्यला का?

१९ जानेवारी

आज प्रगतीकडे गेली. सकाळीच, अंगणवाडी उघडायच्या आधी. प्रगती झाडून राह्यली होती. मी म्हटलं, झाडू ठेव. वजनं खोटी आहेत. सगळी. मी वाढवून बोलली, एकोणीसच्या एकोणीस. बयाचं नऊशेनं.

तिनं झाडू ठेवला नाई. तसाच धरून उभी.

"मले माहीत होतं, काकू."

"काय माहीत होतं?"

"पट्टी लाल दाखवत होती. बयाचा दंड माह्या अंगठ्याएवढा. पट्टी लाल आणि काटा हिरवा. मी काटा लिहिला."

"काऊन व? तुले नोकरी कायसाठी दिली?"

तवा तिनं वर पाह्यलं. "काटा तुमचा, बोलणं तुमचं, सगळ्या बाया समोर बसलेल्या. मी काय म्हणणार, गयाबाई खोटं बोलतात? माहा बाप तुमच्या वावरात होता काकू."

मी म्हटलं, त्याचा इथं काय संबंध? ती कोपऱ्यात गेली आणि झाडत राह्यली. त्याचा काय संबंध ते मले अजून समजलं नाई. पण ते वाक्य दिवसभर खड्यासारखं चपलेत आहे.

मंग ती म्हणे, "खरे आकडे कुठं आहेत? तीन महिन्यांचे खरे पाह्यजेत, तवा गाडीवाले मानतील की लेकरू वाढून नाई राह्यलं."

खरे आकडे या डायरीत. आणि डायरीत बाकीचंही सगळं. पानं फाडावी म्हटलं, तर बयाच्या आकड्याच्या मागच्या बाजूले प्रगतीच्याच नाकाबद्दल लिहिलेलं. घरी येऊन अर्धा तास डायरी हातात घेऊन बसली. शेवटी नेऊन दिली. म्हटलं, फक्त आकडे पाह्य, मधातलं वाचू नको.

२० जानेवारी

डायरी परत आली. मधातलं वाचलं.

"काकू, पह्यल्याच पानावर मले नकटी म्हटलं."

मी म्हटलं, नाक पाह्य, मंग बोल.

ती हसली. खरंच हसली, चष्मा घसरेपर्यंत. मंग म्हणे, "आणि माह्या बापाचं एकेरी नाव घेतलं." त्यावर मात्र हसली नाई. डायरीच्या पानांचे फोटो तिनं गाडीच्या डॉक्टरले पाठवले. आता माझी सासू, माझा नवरा आणि चंपतरावाचं टॉनिक सरकारच्या मोबाईलात आहे.

२१ जानेवारी

परत सगळी तोलली. या वेळेस काट्याचं तोंड प्रगतीकडे. मी फक्त लेकरं टोपल्यात ठेवली आणि तोंड मिटून बसली, जे मले जमत नाई. आधी बायांना सांगतलं, मी वजनं वाढवून बोलली होती. एकदम सगळ्या बोलाले लागल्या. नागनाथची माय सगळ्यात पुढं.

"माह्या नातवाचं चारशे ग्रॅम कुठं गेलं गयाबाई? परत दे!"

"तुमच्या तोंडापायी दिलं होतं आत्याबाई, तुमच्याच तोंडात पाह्या."

पण तिच्या सुनेनं माझ्याकडे पाह्यलं नाई. लुगडं परत काढून घेतलं मी तिचं.

सहा लेकरं लाल. सात पिवळी. बया पाच सहाशे. जिथून सुरू केलं तिथंच. तीन महिने तिनं काईच कमावलं नाई आणि मी तिच्या नावावर एक फुलकोबी चढवली.

सपना टोपल्याजवळ उभी होती. सगळं ऐकलं. मले वाटलं भांडेल. तिनं बयाले उचललं आणि घरी गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, मले भांडता येते.

प्रगतीनं मोबाईलवर सुपरवायझर मॅडमले सांगतलं. तिकडून बोलणी ऐकू येत होती, तेलुगूत, पण रागावणं सगळ्या भाषेत सारखंच असते. प्रगती म्हणत होती, "अवुनु मॅडम," म्हणजे हो मॅडम, "चूक माझी." माझं नाव तिनं घेतलं नाई. भिंतीवरचा सन्मानाचा कागद काढून तिनं कपाटात ठेवला.

२४ जानेवारी

इचोड्याचा बाजार. मेथी घ्यायले आलेली एक बाई म्हणे, "तोलशील का नुसतं तोंडानं सांगशील?" मागचे हसले. मी काट्याचं तोंड तिच्याकडे फिरवलं. दिवसभर तसंच ठेवलं. माझी तीस वर्षांची गिऱ्हाईकं काट्यात वाकून पाहून राह्यली. बरोबरच आहे, पण पाहणाऱ्यांच्या टाळक्यात टोपलं घालावं असं वाटलं.

२८ जानेवारी

गाडी आली. पावसाळ्यानंतर येणार होती, सहा लाल झाले तर आठ दिवसांत आली. डॉक्टरीण होती, जाडजूड, भसाड्या आवाजाची, मले आवडली. तिनं बयाच्या छातीले नळी लावली आणि डोळे मिटले. बराच वेळ. मंग मलेच नळी दिली. म्हणे, ऐका. माणसाच्या काळजाचा ठोका मी आजपर्यंत ऐकला नव्हता. पण हा ठोका नव्हता, शेतातल्या पाइपाले भोक पडल्यावर पाणी सुटते ना, तसा फुसफुस आवाज.

काळजाले भोक आहे. जन्मापासून.

डॉक्टरीण हिंदीत सपनाले म्हणे, तुझ्या दुधाचा काई दोष नाई. हिले पिताना थकवा येते, पळत पळत जेवल्यासारखं आहे हिचं. सपनानं माझ्याकडे पाह्यलं नाई. मीही तिच्याकडे पाह्यलं नाई.

संध्याकाळी डिंकाचे लाडू केले सपनासाठी. ताटलीत ठेवले. एक खाल्ला तिनं. चंपतरावानं चार.

७ फेब्रुवारी

हैदराबादहून आलो. सरकारी कार्डावर सगळं झालं. भूषणनं त्याचा टेंपो दुसऱ्याकडं दिला आणि सोबत आला. तिथं काळजाचा फोटो काढतात, पडद्यावर बयाचं काळीज लाल-निळं दिसून राह्यलं होतं. रंगाशिवाय कोणाचं काईच चालत नाई.

मोठा डॉक्टर म्हणे, ऑपरेशन करा लागते, होऊन जाईल, पोरगी बरी होईल. पण आता नाई. आता इतकी हलकी आहे की भूल सोसणार नाई. औषधं देतो, थोडं थोडं दूध दर दोन तासाले, वाटीत घट्ट पेज, पेजेत तूप. सहा किलो भरली की त्याच दिवशी फोन करा. सहाच्या आत आणू नका, सहा झाल्यावर थांबू नका. त्यानं कागदावर सहा लिहून गोल केला.

आज घरी पाच सहाशे ऐंशी.

१५ फेब्रुवारी

पाच सातशे चाळीस. औषधानं घाम कमी झाला. प्रगती रोज बालामृताचं, म्हणजे लेकरांच्या सरकारी पिठाचं, पाकीट घेऊन येते, स्वतः बसून शिजवते. मी म्हटलं, तुझं काम नाई हे. म्हणे, तुमचं बी काटा धरणं काम नव्हतं.

अंगणवाडीचा नवा काटा आला! आल्याबरोबर बिघडला. प्रगती आणि मी इतकं हसलो की लेकरंही हसाले लागली.

२७ फेब्रुवारी

पाच आठशे. दोन दिवस हागवण होती, कमावलेलं त्यात गेलं. मी काट्याले शिव्या दिल्या. काट्यानं ऐकून घेतल्या.

नागनाथचं पोरगं जिल्ह्याच्या दवाखान्यातून आलं. आठ सहाशे, खरं. त्याची आजी मले म्हणे, "तुह्या खोट्यापेक्षा चारशे जास्त." ही म्हातारी माझ्याशी मरेपर्यंत चारशेचाच हिशोब करेल. सून मात्र आज बोलली. मेथी मागितली. मी दोन जुड्या दिल्या, तिनं एक परत ठेवली.

९ मार्च

पाच नऊशे चाळीस. भूषण म्हणे, फोन करून टाकू, साठ ग्रॅमनं काय होते? सपनाही म्हणे, "आई, सहाच सांगा ना. तिथं जाईपर्यंत भरेल." पह्यल्यांदा तिनं मले खोटं बोलाले सांगतलं.

मी म्हटलं, नाई. भूषणनं आवाज चढवला, मी त्याच्या दुप्पट चढवला. चंपतराव बाहेर जाऊन बसला.

१६ मार्च

आज सकाळी प्रगतीले बोलावलं. तिच्यासोबत तिचा बाप आला, सहज म्हणे, चालत चालत. ओट्यावर टेकला. मी खुर्ची आणून दिली. खुर्ची आमच्या सासऱ्याची. आधी हात लावून पाह्यला, मंग बसला.

मी टोपलं घासून वाळवून ठेवलं होतं. बयाचा स्वेटर काढला. झबलं काढलं. पायातले वाळे काढले. सपना म्हणे, काळा दोरा राहू द्या. मी म्हटलं, दोऱ्याचंही वजन असते, आणि तोही काढला. लंगोट काढला. मेथीची एक काडी टोपल्याच्या तळाले चिकटलेली होती, ती नखानं काढली. आकडा शून्यावर आणला. काट्याचं तोंड प्रगतीकडे केलं आणि मोतीरामभाऊले म्हटलं, तुमी बी पाह्या.

बया बसली. थंड लागलं म्हणून ओरडली. जोरात, सलग, धाप न लागता. मी म्हटलं, हालू नको व तारा! सासूचं नाव तोंडातून गेलं. जाऊ दे.

आकडा नाचत होता. मी पाह्यलं नाई, भिंतीकडे तोंड करून उभी राह्यली.

प्रगती म्हणे, "सहा किलो वीस."

"परत ठेव."

परत ठेवली. सहा वीस. मोतीरामभाऊनं चष्मा नसताना वाकून पाह्यलं आणि म्हटलं, सहा वीस.

भूषणनं फोन लावला. तिकडून विचारलं असेल की नक्की का, कारण तो म्हणे, "हां साब, बिल्कुल," आणि फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, छह किलो बीस ग्राम, नंगी तोली है.

सहा पाह्यजे होतं, वीस जास्त दिलं पोरीनं. त्यातला एक ग्रॅमही माझा नाई.